गाव, शाळा, टेकडी: सामूहिक वृक्षारोपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदर तालुक्यात आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. वळवाचे दोन थेंब पडले की फोन आणि मेसेज सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले. आमचा भाग पर्जन्यछायेतला. कोकणातल्यांनी लागवडीच्या तारखा थोड्या अलीकडे ओढाव्यात, मराठवाड्यातल्यांनी पाण्याचा हिशेब आणखी कडक धरावा.

१. आम्हाला गावात झाडे लावायची आहेत. सुरुवात कुठून करू?

पाण्यापासून. रोपे मिळतात, खड्डे होतात, माणसेही एका रविवारपुरती जमतात. अडते ते मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, जेव्हा गावाला प्यायला टँकर असतो आणि टेकडीवर दोनशे रोपे माना टाकून उभी असतात.

एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: पाणी कुठून येणार, झाडापर्यंत कसे पोचणार, कोण घालणार. तिसऱ्या रकान्यात ‘सर्व ग्रामस्थ’ असे लिहिले असेल तर तिथे कोणीच नाही असे समजा. दोन नावे हवीत आणि ती माणसे उन्हाळ्यात गावातच असायला हवीत.

आता हिशेब. डिसेंबर ते मध्य जून साधारण २८ आठवडे होतात. रोपाला आठवड्याला १५ लिटर धरले तर २०० रोपांना दर आठवड्याला ३,००० लिटर आणि पूर्ण हंगामाला ८४,००० लिटर लागतात. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या सतरा खेपा. हा झाला एक उन्हाळा. असे किमान दोन आणि मुरमाड जमिनीत तीन उन्हाळे काढावे लागतात. हा कागद भरून झाल्यावरच रोपांची चौकशी करा.

२. किती झाडे लावावीत? शेजारच्या गावाने हजार लावली, आम्हाला त्याहून जास्त लावायची आहेत.

वरच्या हिशेबातले पाणी जितक्यांना पुरेल तितकीच. हजार लावून पन्नास जगवण्यापेक्षा शंभर लावून नव्वद जगवणे स्वस्त पडते, आणि पुढच्या वर्षी लोक पुन्हा येतात.

आकड्याचा मोह आपल्याकडे जुना आहे. राज्यात २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटींचे उद्दिष्ट होते, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. एवढे मोठे आकडे सरकारी यंत्रणेला झेपतात की नाही हा वाद आम्ही इथे घालत नाही, पण पंधरा जणांच्या गटाला नक्की झेपत नाहीत. बॅनरवर आकडा छापूच नका. छापलात की वर्षभर त्याच्यामागे धावावे लागते.

जागेच्या अंदाजासाठी: दहा बाय दहा फुटांवर लावली तर एकरात सुमारे ४३५ रोपे बसतात. वड, पिंपळ, उंबर यांना तेवढी जागा पुरत नाही. त्यांना तीस-चाळीस फूट मोकळे सोडा.

३. जागा मोकळीच पडली आहे. परवानगी लागते का?

मोकळी दिसणारी जागाही कोणाच्या तरी नावावर असतेच. आधी सातबारा काढा.

गायरान असेल तर मालकी सरकारची आणि देखरेख ग्रामपंचायतीची असते. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच ठेवा. वनविभागाची जमीन असेल तर लेखी परवानगीशिवाय खड्डासुद्धा घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत जाणे सोपे पडते. शहराजवळच्या टेकड्यांवर एक तुकडा वनविभागाचा, एक महापालिकेचा, एक खासगी असे असते, आणि जमिनीवर त्याची रेघ कुठेच दिसत नाही. तिथे नकाशा हातात घेऊन फिरा.

रस्त्याकडेला लावायचे असेल तर रस्ता कोणाचा (सार्वजनिक बांधकाम विभाग की जिल्हा परिषद) आणि रुंदीकरण प्रस्तावित आहे का, हे दोन्ही विचारा. विजेच्या तारांखाली वड-कडुनिंब लावलात तर दरवर्षी महावितरणची माणसे शेंडे छाटणार आणि तुम्ही त्यांच्याशी भांडणार. त्यापेक्षा तिथे आपटा, पारिजातक, कढीपत्ता लावा.

शाळेचे आवार सर्वांत सोयीचे. भिंत असते, नळ असतो आणि राखायला चिल्लीपिल्ली असतात. फक्त मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, हे विसरू नका.

४. खड्डे केवढे आणि कधी घ्यायचे?

एप्रिल-मे महिन्यात, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मुरूम किंवा कठीण जमीन असेल तर दोन फूट. पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. उकरताना वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती, घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला. पेंड वाळवीसाठी. शेणखत कच्चे असेल तर तेच वाळवीला बोलावते.

उतारावर आधी समपातळीत चर काढा आणि चराच्या खालच्या भरावावर किंवा त्याला लागून रोपे लावा. पाणी तिथेच मुरते.

जेसीबी लावावा का, असेही विचारतात. सपाट जागेवर चालेल. टेकडीवर नको. तो खड्डे घेतो त्याहून जास्त गवत आणि माती यायच्या-जायच्या वाटेवर उसकटतो.

५. ५ जूनला पर्यावरण दिन आहे, त्या दिवशी कार्यक्रम ठेवला आहे. चालेल ना?

कार्यक्रम ठेवा, झाडे लावू नका. ही तारीख १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेवरून आली आहे. तिचा आपल्या मृगाशी काही संबंध नाही.

आम्ही पहिल्या वर्षी हेच केले. ५ जूनला हार-तुरे झाले, फोटो झाले. नंतर पावसाने जवळजवळ महिनाभर ओढ दिली. आम्ही खांद्यावर कॅन घेऊन टेकडी चढत होतो, आणि रोपे आमच्यासमोर एकेक करून वाळत होती.

दोन चांगले पाऊस होऊन खड्ड्यात वीतभर खोल हात घातल्यावर माती ओली लागली की लागवड करा. आमच्याकडे हे जुलैत होते. त्या मानाने वनमहोत्सवाची वेळ जास्त शहाणपणाची आहे. १९५० साली केंद्रीय मंत्री असलेल्या कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा धरला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लागवड केली तरी बिघडत नाही. त्यापुढे मुळांना जम बसवायला पाऊस कमी उरतो.

५ जूनला काय करायचे? रोपवाटिकेच्या पिशव्या भरा. मुलांना चिखलात हात घालायला मिळतात आणि पाहुण्यांना भाषणही करता येते.

६. कोणती झाडे लावावीत?

उत्तर आमच्याकडे नाही, तुमच्या परिसरात आहे. जवळच्या एखाद्या जुन्या देवराईत, ओढ्याकाठी, म्हसोबाच्या टेकाडावर जाऊन बघा काय काय आपोआप उभे आहे. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांना सोबत न्या. ती माणसे झाडांची नावे सांगतात, वर अमुक ओढ्याला पूर्वी काय होते तेही सांगतात. आम्हाला मेडशिंगी अशीच कळली.

तरी ढोबळ सांगायचे तर: कमी पावसाच्या मुरमाड टेकडीला कडुनिंब, खैर, बोर, मोई, सालई, धावडा, पळस, आपटा, बेल. ओढ्याच्या काठाला करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. शाळा-देवळाच्या आवारात वड, पिंपळ, चिंच, बहावा, कवठ. घाटाकडे आणि कोकणात ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, कुंभा. ताम्हण हे आपले राज्यफूल. पाण्याची सोय असेल तर ते गावाच्या वेशीवर फार शोभते.

पाखरांसाठी लावायचे असेल तर पांगारा, पळस, काटेसावर विसरू नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झडलेली असतात तेव्हा ही झाडे फुलतात आणि मैना-बुलबुलांची झुंबड उडते.

एकाच जातीची दोनशे रोपे मात्र कधीही लावू नका. कीड आली की एकदम सगळी जातात.

७. गुलमोहर, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ भराभर वाढतात. त्यांना लोक नाके का मुरडतात?

तिन्ही बाहेरची आहेत म्हणून नव्हे. चिंच आफ्रिकेतून आली, सीताफळ अमेरिकेतून, आणि त्यांना परके म्हणायला कोणी धजत नाही. प्रश्न वागणुकीचा आहे.

गुलमोहर मादागास्करचा. फुले देखणी, पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात फांद्या मोडतात. शाळेच्या पटांगणात, बसस्टॉपवर तो नको. सुबाभळीच्या शेंगा इतक्या होतात की दोन-तीन वर्षांत सगळीकडे तिचेच रान माजते. ग्लिरिसिडिया ऊर्फ गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. शेताच्या बांधावर ते उपयोगी आहे, पाला कापून हिरवळीचे खत होते. पण पाला-बियांनी उंदीर मारायची जुनी रीत आहे, त्यावरून त्याला उंदीरमारी नाव पडले. टेकडीवर त्याची दाटी झाली की खाली गवतही धड उगवत नाही. टेकडी हिरवी दिसते, एवढेच.

८. रोपे कुठून आणि केवढी आणावीत?

सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिकांत सवलतीत मिळतात. मार्चमध्येच मागणी नोंदवा, जूनमध्ये गेलात तर उरलेसुरले हाती येते. उंची चार-पाच फूट चांगली. शेळीच्या तोंडापासून शेंडा लवकर सुटतो. पण उंचीपेक्षा बुंधा बघा. करंगळीएवढा जाड बुंधा असलेले तीन फुटी रोप काडीसारख्या सहा फुटीपेक्षा सरस. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते रोप जुने झाले, सोडून द्या.

गावातच रोपे करायची असतील तर निंबोळ्या आणि जांभळाच्या बिया ताज्याच लावा, दोन-तीन आठवड्यांत त्यांची उगवण घटते. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवा. करंजाला काहीच करावे लागत नाही.

९. रोप लावायची नेमकी पद्धत सांगाल का?

पिशवी काढा. हे सांगावे लागते याचेच आश्चर्य वाटते, पण एका शाळेच्या आवारात दोन वर्षांनी न वाढलेले जांभूळ आम्ही उपटून पाहिले. काळी पिशवी जशीच्या तशी होती, आत मुळे गोल गोल फिरून दोरखंडासारखी वळली होती. मुलांनी मनापासून लावले होते, त्यांना सांगितलेच नव्हते.

ब्लेडने पिशवी उभी चिरा. मातीचा गोळा फुटू देऊ नका, तळाची वळलेली मुळे तेवढी कापा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत गाडा. खोडाला माती चढवली तर ते कुजते. भोवतीची माती पायाने घट्ट दाबा, आत पोकळी राहता कामा नये. आधाराची काठी मुळांपासून हातभर लांब रोवा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. पिशव्या मोजून परत न्या. दोनशे रोपे लावली तर पोत्यात दोनशे पिशव्या आल्या पाहिजेत.

१०. पाणी रोज थोडे घालावे की आठवड्यातून एकदा भरपूर?

एकदा, भरपूर. रोज तांब्याभर पाण्याने मुळे वरच राहतात. खोडाभोवती दोन फुटांचे आळे करा. उतारावर असेल तर खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला. आळ्यात चार बोटे जाडीचे आच्छादन द्या: गवत, पालापाचोळा, उसाचे पाचट. खोडाला ते चिकटू देऊ नका. जिथे पाणी फारच कमी तिथे तळाला भोक पाडून कापसाची वात घातलेले मडके रोपाशेजारी पुरा. मडकी शंभराच्या आत असली तर हे जमते, पुढे फुटण्याचा हिशेब लागत नाही.

११. शेळ्या सगळे खातात. आणि गायरानात लावायला धनगरवाड्यातल्या लोकांचा विरोध आहे.

हे दोन प्रश्न नेहमी एकत्र येतात आणि ते एकच आहेत.

कुंपणाचे उपाय सोपे आहेत. रोपाभोवती बाभळीच्या काट्या, कडेने चर, चराच्या बांधावर सागरगोटा. करंजाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्याची रांग कडेला लावा. लोखंडी जाळ्या चोरीला जातात.

पण गायरान चराईसाठीच असते. ज्याच्या पन्नास शेळ्या तिथे चरतात त्याला न विचारता तुम्ही कुंपण घातले, तर ते एका रात्रीत मोडणार आणि चूक तुमची असणार. काही गायरानांवर भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. झाडांच्या निमित्ताने त्यांना हुसकायचा डाव गावातलेच कोणी खेळत असेल तर तुमचा गट त्यात ओढला जातो. आम्ही अशा एका प्रस्तावातून बाहेर पडलो.

जमणारी वाट अशी: एकदम सगळे गायरान बंद करू नका, चौथा हिस्सा घ्या. तिथे चराई बंद पण गवत कापून न्यायला मुभा ठेवा. हिवरे बाजारची चराईबंदी याच धर्तीवर टिकली. राखणीचा मोबदला द्यायचा असेल तर शेळ्या राखणाऱ्यालाच द्या. त्याची नजर दिवसभर तिथेच असते.

१२. दरवर्षी टेकडीला वणवा लागतो. काय करावे?

दिवाळीनंतर गवत वाळायला लागले की लागवडीच्या कडेने दहा-बारा फुटांची जाळरेषा काढा, म्हणजे गवत कापून, खरवडून जमीन उघडी करा. नियंत्रित जाळ करायचा असेल तर वनविभागाच्या माणसांशिवाय नको. रोपाभोवतीही हातभर जागा गवतमोकळी ठेवा. जाळरेषेच्या आत आच्छादन वाळके असेल तर फेब्रुवारीत त्यावर माती टाका.

वणवे बहुतेक माणूसच लावतो. जाळल्याने पुढचे गवत चांगले येते, ही समजूत अजून पक्की आहे. ज्यांना गवत हवे आहे त्यांना ते आधीच कापून नेऊ द्या, जाळायला उरतच नाही.

१३. मेलेल्या रोपांचे काय?

पुढच्या जुलैत नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. नोव्हेंबर आणि मेअखेर अशी दोनदा मोजणी करा आणि खरा आकडा गावच्या फळ्यावर लिहा. एका पट्ट्यातली सगळी मेली असतील तर पुन्हा तेच रोप लावण्याआधी पहारीने दोन फूट खाली काय आहे ते बघा. अनेकदा तिथे कातळ असतो.

१४. बीजगोळे टाकले तर एवढा खटाटोप वाचेल ना?

वाचेल, आणि झाडेही फारशी येणार नाहीत. उघड्या मुरमावर पडलेला गोळा पावसात विरघळतो, बी उगवले तरी ऑक्टोबरच्या उन्हात जाते. सहलीला मुलांच्या हाती द्यायला ठीक. त्यापेक्षा झुडपांच्या आडोशाला पहारीने भोक पाडून बी टोबा.

१५. मियावाकी करावे का?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत. चौरस मीटरला तीन-चार रोपे, सगळी स्थानिक, उंच-मध्यम-झुडूप अशी मिसळ. शहरातल्या दोन-तीन गुंठ्यांच्या तुकड्याला, जिथे पाणी आणि पैसा दोन्ही आहे, तिथे छान. उघड्या टेकडीवर एवढ्या दाटीला पाणी कुठून आणणार? प्रश्न १ चा हिशेब करून बघा.

१६. आमच्या भागात नुसते माळरान आहे, एकही झाड नाही. तिथे तर लावलीच पाहिजेत ना?

नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वांत अवघड उत्तर हेच. लोकांना राग येतो.

माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची गवताळ राने हजारो वर्षांची आहेत. माळढोक, तणमोर, धाविक, चिंकारा, लांडगा यांचे घर तेच. माळढोक मोकळ्यावर अंडी घालतो, त्याला चहूकडे लांबवर दिसावे लागते. नान्नजच्या माळावर तुम्ही झाडांची रांग उभी केलीत तर त्याचे घरच मोडले. कोकणातले कातळसडे आणि कासचे पठार तसेच. कासचा परिसर २०१२ पासून जागतिक वारशात आहे तो झाडांमुळे नाही. बोटभर मातीवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येणाऱ्या फुलांमुळे लोक तिथे जातात.

ओळखायचे कसे? जुन्या माणसांना विचारा की तिथे कधी झाडे होती का. जमिनीत तोडलेली खोडे, फुटवे दिसतात का बघा. पावसाळ्यात कुसळी, पवना, मारवेल असे गवत दाट येत असेल आणि खाली लगेच कातळ असेल तर ते माळच आहे. झाडे वस्तीजवळ, बांधावर, ओढ्याला लावा.

१७. आमच्या इमारतीच्या भेगेत पिंपळ उगवला आहे. तो काढून लावता येईल?

येईल. पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळासकट सोडवा, वर्षभर पिशवीत सावलीला ठेवा, मग जमिनीत. वड, पांगारा, मोई यांची मनगटाएवढी फांदी लावूनही झाड होते: मेअखेर सहा फुटांची फांदी घ्या, दोन फूट गाडा, वरच्या टोकाला शेणमातीचा लपका द्या. मात्र भिंतीपासून दूर लावा, नाहीतर काही वर्षांनी हाच प्रश्न तुमची मुले विचारतील.

१८. एक कंपनी पैसे देते म्हणते. घ्यावेत का?

घ्यावेत, पण कशासाठी ते ठरवून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा खर्च करावा लागतो, पर्यावरणाचे काम त्यात बसते. पैसे नोंदणीकृत संस्थेलाच मिळतात, नुसत्या गटाला नाही. कंपन्यांना साधारणपणे एक शनिवार, दोन बसगाड्या आणि टी-शर्ट एवढेच हवे असते. आम्ही सांगतो, टी-शर्ट राहू द्या, तीन उन्हाळ्यांचे टँकर आणि राखणदाराचा पगार द्या. बहुतेक जण पुन्हा फोन करत नाहीत. एकाने केला, त्यांच्या पैशांवर आमचा पूर्वेकडचा पट्टा जगला.

१९. आईची रक्षा नदीत न सोडता झाडाच्या खड्ड्यात घालायची आहे. झाडाला अपाय होईल का?

थोडी घातली तर नाही. राख क्षारयुक्त असते, म्हणून सगळी एकाच रोपाच्या मुळाशी नको. दोन-तीन मुठी खड्ड्यातल्या मातीत नीट मिसळा, उरलेली दुसऱ्या मोठ्या झाडांच्या आळ्यांत किंवा शेतात पसरा.

लोक दहाव्याच्या दिवशीच झाड लावायला बघतात, आणि तो दिवस एप्रिलमध्येही येतो. तेव्हा त्या दिवशी खड्डा घ्या, रक्षा मातीत मिसळून भरा, वर एक दगड ठेवा. रोप पावसात लावा. मागच्या वर्षी एका घराने असेच केले. जुलैत सगळी भावंडे पुन्हा जमली आणि आईच्या माहेरच्या आंब्याचे रोप लावले. नावाची पाटी लावायची असेल तर जमिनीत रोवा, खोडाला खिळा ठोकू नका.

२०. आज लावलेले झाड पुढे कधी तोडावे लागले तर परवानगी लागेल का? स्वतःच्या बांधावरचे असले तरी?

गावात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडे, म्हणजे साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच, जांभूळ वगैरे, स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. बांधावर सागाची रांग लावलीत तर सातबाऱ्यावर तिची नोंद करून घ्या, विकताना धावपळ वाचते.

नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष धरले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. तुमचे गाव हद्दवाढीत महापालिकेत गेले असेल तर हाच कायदा लागू. सोसायटीत नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी अर्ज करा.